एक घोडा की दोन?

नोकरी लागल्यावर दुसऱ्या पगारातून मी एक टी-शर्ट घेतला. पुण्यातल्या एका मॉलमध्ये, सेलमध्ये, तेराशे रुपयांना. गडद निळा, कॉलरवाला, आणि छातीवर डाव्या बाजूला भरतकामात दोन घोडेस्वार. तोपर्यंत मी स्वतःसाठी इतका महाग कपडा कधी घेतला नव्हता. कॉलेजची चार वर्षं गावातल्या दुकानातल्या शर्टांवर आणि टेक-फेस्टच्या फुकट टी-शर्टांवर निघाली होती. ऑफिसात शुक्रवारी हवे ते कपडे चालायचे. त्या शुक्रवारी मी तो घालून गेलो. जेवणाच्या टेबलावर टीममधल्या एकाने छातीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "अरे, हा दोन घोड्यांचा आहे. ओरिजिनल एका घोड्याचा असतो."

सगळे हसले. मीही हसलो. तो मुलगा वाईट नव्हता, पुढे आमची चांगली मैत्री झाली. पण त्या दिवशी दुपारभर मी छातीवर लॅपटॉपची बॅग धरून फिरत होतो. डुप्लिकेट वस्तू घेऊन मिरवताना पकडलं जाणं ही आमच्यासारख्या घरातून आलेल्या पोरांची जुनी भीती. रात्री खोलीवर आल्यावर मी शोधायला बसलो की मला कुणी फसवलं.

कुणीच फसवलं नव्हतं. दोन घोड्यांचा शर्ट 'यू. एस. पोलो असोसिएशन'चा होता, आणि ही अमेरिकेत पोलो या खेळाचं नियमन करणारी खरीखुरी संस्था आहे. स्थापना १८९०. खेळाचे नियम ठरवणं, खेळाडूंना हँडिकॅप देणं, स्पर्धा भरवणं ही तिची कामं. तिच्या परवान्यावर जगभर कपडे निघतात. भारतात तो परवाना अरविंद समूहाकडे आहे. एका घोड्याचा शर्ट मात्र राल्फ लॉरेन यांच्या 'पोलो'चा. हे गृहस्थ पोलो खेळणारे नव्हेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढले आणि त्यांनी टाय विकण्यापासून सुरुवात केली. म्हणजे माझ्याकडचा घोडा खेळवाल्यांचा होता आणि 'ओरिजिनल' घोडा टायवाल्याचा. तरीही माझा मित्र चूक नव्हता. न्यायालयानेही बरंचसं तेच म्हटलं होतं. हे कसं झालं, ते कळायला मला पुढची दोन-तीन वर्षं अधूनमधून वाचावं लागलं.

राल्फ लॉरेन यांचं जन्मनाव राल्फ लिफ्शिट्झ. जन्म १४ ऑक्टोबर १९३९. आईवडील पिन्स्क या आता बेलारूसमध्ये असलेल्या गावाकडून आलेले ज्यू. वडील रंगारी होते, घरं रंगवायचे. कलाकाराचा हात होता, भित्तिचित्रंही काढायचे. आडनावात इंग्रजीतली एक शिवी ऐकू येते म्हणून पोरं चिडवायची. सोळाव्या वर्षी राल्फने आणि त्याच्या भावाने आडनाव बदलून लॉरेन केलं. यावरून त्यांच्यावर पुढे टीका झाली, की बघा, ज्यूपण लपवलं. त्यांनी प्रत्येक मुलाखतीत तेच साधं उत्तर दिलं, की शाळेत चिडवत होते. मला ते पटतं. माझ्या आडनावाचे माझ्याच कंपनीच्या परदेशी कॉलवर काय काय उच्चार होतात, ते मी रोज ऐकतो, आणि कधीकधी स्वतःच स्वतःचं आडनाव त्यांच्यासारखं उच्चारतो.

शाळेच्या वार्षिकात प्रत्येकाने पुढे काय व्हायचंय ते लिहायचं असतं. त्यात राल्फने लिहिलं होतं: लक्षाधीश. कॉलेज अर्धवट सोडलं, दोन वर्षं सैन्यात काढली, काही काळ 'ब्रूक्स ब्रदर्स' या न्यूयॉर्कच्या जुन्या, प्रतिष्ठित दुकानात विक्रेता म्हणून उभा राहिला. मग टाय विकणं. साठच्या दशकात अमेरिकेत पुरुषांचे टाय अरुंद असायचे. याला रुंद, भारी कापडाचे टाय करायचे होते. १९६७ मध्ये 'बो ब्रमेल' या टायच्या कंपनीने त्याला स्वतःचे टाय काढू दिले. एम्पायर स्टेट इमारतीत त्याला एक छोटी जागा मिळाली. सगळा माल एका खणात मावायचा असं ते स्वतः सांगत आले आहेत. त्या टायना त्याने नाव दिलं 'पोलो'. ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानाने सांगितलं, टाय थोडे अरुंद करा आणि लेबल आमचं लावा, तर घेऊ. त्याने नकार दिला. काही महिन्यांनी दुकानच परत आलं, ही गोष्टही लॉरेनच्या चरित्रात नेहमी येते. यशस्वी माणसांच्या चरित्रात असा नकार असतोच, त्यामुळे मी अशा गोष्टी थोड्या बाजूला ठेवून वाचतो. पण १९६९ मध्ये त्याच ब्लूमिंगडेल्सने त्याच्या कपड्यांना दुकानातल्या दुकानात स्वतंत्र जागा दिली, हे खरं आहे.

आता प्रश्न असा की पोलोच का? बेसबॉल का नाही, जो ब्राँक्सचं पोर खेळतच मोठं होतं? कारण त्या काळच्या अमेरिकेत 'पोलो' हा शब्द उच्चारला की एक चित्र उभं राहायचं. हिरवळ, वाड्यासारखं घर, तीन पिढ्यांचा पैसा, आणि घाई नसलेली माणसं. एका सामन्यात एका खेळाडूला अनेक घोडे लागतात, कारण दर चक्करला, म्हणजे साडेसात मिनिटांच्या खेळाला, ताजा घोडा घ्यावा लागतो. घोडे पोसायला तबेला, मोतद्दार, जमीन. हा खेळ परवडणं हीच त्याची ओळख. गंमत म्हणजे त्या डावाला इंग्रजीतही 'चकर' म्हणतात. आपलाच शब्द, उच्चार बिघडवून नेलेला.

आणि शब्दच नाही. तो सगळा खेळ आपल्याच बाजूने गेला आहे. इथे मला थोडं मागे जावं लागेल, कारण शर्टाच्या गोष्टीत पुढे हे लागणार आहे.

मणिपूरमध्ये 'सगोल कांगजेई' नावाचा खेळ शतकानुशतकं चालत आला आहे. सगोल म्हणजे घोडा. एका बाजूला सात खेळाडू, बुटके मणिपुरी तट्टू, बांबूच्या मुळापासून केलेला चेंडू. गोलचे खांब नाहीत, समोरच्या बाजूची सगळी रेघ म्हणजे गोल. १८१९ ते १८२६ ही सात वर्षं ब्रह्मी सैन्याने मणिपूर उजाड केलं. मणिपुरी लोक त्याला 'सात वर्षांची पडझड' अशा अर्थाच्या नावाने अजून ओळखतात. तेव्हा हजारो माणसं शेजारच्या काछारमध्ये, म्हणजे आजच्या आसामच्या बराक खोऱ्यात, पळून आली. काही तिथेच राहिली. खेळ बरोबर आला. १८५०च्या दशकात तिथे जोसेफ शेरर नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने हा खेळ बघितला. शेरर आणि त्याचा वरिष्ठ रॉबर्ट स्टुअर्ट यांनी चहाच्या मळेवाल्यांना जमवलं आणि १८५९ मध्ये सिलचरला क्लब काढला. १८६२ मध्ये कलकत्त्याला क्लब निघाला. तिथून इंग्लंडच्या घोडदळात. 'पोलो' हे नावही मणिपुरी नाही. ते हिमालयाच्या दुसऱ्या टोकाकडच्या बाल्टी भाषेतलं, चेंडू या अर्थाचं. म्हणजे खेळ एका डोंगरातून गेला आणि नाव दुसऱ्या. १८७६ मध्ये जेम्स गॉर्डन बेनेट या वृत्तपत्रमालकाने तो न्यूयॉर्कला नेला. चौदा वर्षांनी तिथे संघटना झाली, तीच माझ्या शर्टावरची.

ती झाली त्याच्या पुढच्याच वर्षी इंग्रजांनी मणिपूर जिंकून घेतलं. युवराज टिकेंद्रजीत यांना १३ ऑगस्ट १८९१ रोजी इम्फाळमध्ये जाहीर फाशी दिली. ते पोलोचे नावाजलेले खेळाडू होते.

सिलचर ते न्यूयॉर्क या प्रवासात मणिपूर कुठेतरी गळून पडलं. तट्टूंच्या जागी उंच घोडे आले, सातांचे चार खेळाडू झाले, निर्वासितांच्या खेळाची उमरावांची करमणूक झाली. १९६७ मध्ये राल्फ लॉरेन यांनी हे नाव उचललं तेव्हा ते त्यांना इंग्लिश वाटलं असणार. इतरांनाही तसंच वाटत होतं.

शर्टाची गोष्टही अशीच उसनवारीची. सुरुवातीचे पोलो खेळाडू जाड सुती, लांब बाह्यांचे शर्ट घालत. घोडा धावताना कॉलर तोंडावर उडायची, म्हणून ते ती शर्टाला अडकवून टाकत. १८९६ मध्ये ब्रूक्स ब्रदर्सच्या संस्थापकाचा नातू जॉन ब्रूक्स इंग्लंडला गेला असताना त्याने हे पाहिलं आणि कॉलरच्या टोकांना गुंड्या लावलेला शर्ट बाजारात आणला. आज मॅनेजर लोक घालतात तो 'बटन-डाउन' कॉलरचा शर्ट हाच. खरा 'पोलो शर्ट' कुठला, असं विचारलं तर तो. ब्रूक्स ब्रदर्स आजही तसंच म्हणतं, आणि राल्फ लॉरेन त्याच दुकानात शर्ट दाखवत उभा राहिला होता.

आपण ज्याला पोलो टी-शर्ट म्हणतो तो मात्र टेनिसचा आहे. फ्रेंच टेनिसपटू रने लाकोस्त पूर्ण बाह्यांच्या, इस्त्री केलेल्या टेनिसच्या शर्टांना कंटाळला होता. १९२६च्या अमेरिकन स्पर्धेत त्याने अर्ध्या बाह्यांचा, मऊ कॉलरचा, जाळीदार सुती शर्ट घातला. १९३३ मध्ये आंद्रे जिलिए या होजिअरीवाल्याबरोबर त्याने तो विकायला काढला, छातीवर मगर लावून. मगर हे त्याचं टोपणनाव होतं. पोलोवाल्यांनाही तो शर्ट आवडला आणि नाव पोलोचं पडलं. १९७२ मध्ये लॉरेननी तोच आकार घेतला, रंगांची लांबलचक रांग लावली, आणि मगरीच्या जागी घोडेस्वार बसवला. त्याआधी एक वर्ष तो घोडेस्वार बायकांच्या शर्टांच्या कफवर आला होता.

जाळीदार म्हणजे नेमकं काय, ते मला घरी कळलं. आमचं गाव इचलकरंजी. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गावाच्या कानात तोच आवाज आहे. माझे वडील पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, तार जुळवायची, कापड कुठे चुकतंय ते बोटाने ओळखायचं. तो निळा शर्ट घेऊन मी दिवाळीला घरी गेलो, तेव्हा पप्पांनी तो आधी उलटा केला. घोडे त्यांनी पाहिलेच नाहीत. शिवणीत बोट घातलं, कापड दोन बोटांत धरून आडवं ताणलं, सोडलं.

"हे मागावरचं न्हवं," ते म्हणाले. "होजिअरी हाय."

मग त्यांनी मला समजावलं. मागावर उभे धागे ताणून धरतात आणि आडवा धागा त्यांतून जातो. ते कापड ताणत नाही. त्याचा शर्ट करायचा तर माणसाच्या मापाने कापावा लागतो, खांदा जुळावा लागतो. होजिअरीत एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवतात, म्हणून ते हाताबरोबर ताणतं आणि परत येतं. वर या शर्टात काही फास मुद्दाम न सोडता धरून ठेवलेत, त्यामुळे बारीक खळगे पडलेत आणि कापड अंगाला चिकटत नाही. लाकोस्तने टेनिसच्या कोर्टवर काय मिळवलं, त्याचं इतकं नेमकं वर्णन मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. होजिअरीच्या मापात थोडं मागेपुढे चालतं, म्हणूनच बनियन-टी-शर्टात तीन-चार मापांत सगळं जग बसतं आणि कंपन्यांना ते परवडतं. हे माझं, पप्पांचं नाही.

"कितीला?" त्यांनी विचारलं. मी पाचशे सांगितले.

तर लॉरेननी शर्ट टेनिसचा घेतला, कॉलरचं ज्ञान ब्रूक्स ब्रदर्सचं घेतलं, नाव एका खेळाचं घेतलं. मग त्यांचं स्वतःचं काय होतं? ते मला 'द ग्रेट गॅट्सबी' वाचताना कळलं. १९७४ मध्ये त्यावर सिनेमा निघाला, त्यातल्या पुरुषांचे कपडे लॉरेन यांनी पुरवले. वेशभूषेचं ऑस्कर थिओनी ऑल्ड्रेज यांना मिळालं, पण लॉरेन यांचं नाव झालं. फिट्झजेराल्डच्या त्या १९२५च्या कादंबरीचा नायक गरीब शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याने नाव बदललं आहे. गॅट्झचं गॅट्सबी. त्याच्याकडे पैसा आहे, वाडा आहे, कपाटभर शर्ट आहेत. ज्या बाईसाठी हे सगळं केलं, ती त्या शर्टांच्या ढिगात तोंड खुपसून रडते. आणि तिचा नवरा टॉम, पिढीजात श्रीमंत, खरा पोलो खेळणारा, घोड्यांचा तांडा बरोबर घेऊन हिंडणारा. गॅट्सबी पार्टीत त्याची ओळख मुद्दाम 'पोलो खेळाडू' अशी करून देतो, आणि टॉमला ते आवडत नाही. कादंबरीत गॅट्सबी मरतो. ब्राँक्सचा लिफ्शिट्झ मेला नाही. त्याने टॉमचे कपडे शिवून ते गॅट्सबींना विकायला काढले, आणि जगात गॅट्सबी कितीतरी जास्त आहेत.

१९८६ मध्ये लॉरेननी न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरच्या एका जुन्या हवेलीत दुकान थाटलं. आत लाकडी जिना, शेकोट्या, जुनं फर्निचर, भिंतींवर कुणाकुणाच्या पूर्वजांची तैलचित्रं. गिऱ्हाईकाला वाटावं की आपण एखाद्या जुन्या घराण्यात पाहुणे आलो आहोत आणि जाताना चार कपडे घेऊन निघालो आहोत. ती हवेली १८९०च्या दशकात गर्ट्रूड ऱ्हाइनलँडर वॉल्डो या श्रीमंत बाईंनी बांधून घेतली होती. त्या तिथे एक दिवसही राहिल्या नाहीत. हे वाचून मी बराच वेळ खूष होतो. ज्या घरंदाज जगण्याची लॉरेननी तिथे मांडामांड केली, ते त्या घरात कधी जगलंच गेलं नव्हतं.

काही समीक्षकांना हा सगळा खोटेपणा वाटतो. माझं मत तसं नाही. लॉरेननी कधी म्हटलं नाही की मी उमराव आहे. रंगाऱ्याच्या मुलाला लांबून जे दिसलं ते त्याने फार बारकाईने पाहिलं, इतकं, की ज्यांचं ते होतं त्यांनीही ते त्याच्याकडून विकत घ्यायला सुरुवात केली. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती न्यायालयातल्या गोष्टीनंतर सांगतो.

कपड्यांचा 'पोलो' इतका चालला की ऐंशीच्या दशकात खेळाच्या संघटनेलाही वाटलं, आपणही कपडे काढावेत. नाव आपलं, खेळ आपला. लॉरेन यांच्या कंपनीने हरकत घेतली. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात संघटना गेली ती हे वदवून घ्यायला, की आमचे कपडे कुणाच्या हक्कावर अतिक्रमण करत नाहीत. न्यायाधीश लिओनार्ड सँड यांनी निकाल लॉरेनच्या बाजूने दिला. संघटनेला स्वतःच्या पूर्ण नावाने कपडे विकता येतील, घोडेस्वाराचं चिन्हही वापरता येईल, पण ते लॉरेनच्या घोडेस्वारापेक्षा स्पष्टपणे वेगळं हवं. कायद्याचा तर्क असा: साध्या शब्दाला बाजारात दुसरा अर्थ चिकटू शकतो. कपड्यांच्या दुकानात 'पोलो' म्हटलं की लोकांना खेळ आठवत नसून एक विशिष्ट कंपनी आठवत असेल, तर तो शब्द त्या दुकानापुरता त्या कंपनीचा. प्रश्न शब्द आधी कुणाचा होता हा नाहीच. गिऱ्हाईक कशाने फसेल, हा आहे. कोडमध्ये दोन गोष्टींना एक नाव दिलं तर कंपायलर तिथेच अडतो आणि कुणाचं आधी होतं ते सांगतो. बाजारात गिऱ्हाईकाच्या डोक्यात जे आधी उगवेल ते आधीचं.

म्हणून संघटनेने दोन घोडेस्वार काढले, एकामागे एक. २००० मध्ये लॉरेनची कंपनी त्यावरही कोर्टात गेली. पाच वर्षांनी ज्युरीसमोर चार चित्रं आली: भरीव दोन घोडेस्वार, नुसत्या रेषेतले दोन घोडेस्वार, आणि दोन्हींची 'यूएसपीए' अक्षरांसकटची रूपं. ज्युरीने सांगितलं, अक्षरांशिवायचे भरीव दोन घोडेस्वार चालणार नाहीत, बाकीची तीन चालतील. २००८ मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केलं. एवढ्याशा भरतकामावर मोठमोठे वकील इतकी वर्षं भांडले, आणि त्यातून माझ्या टीममधल्या मुलाचं वाक्य कायद्याने पक्कं झालं: एक घोडा एकाचा, दोन घोडे दुसऱ्याचे. पुढे संघटनेने अत्तर काढायचं ठरवलं. लॉरेनचं 'पोलो' अत्तर १९७८ पासून बाजारात होतं. २०११ मध्ये न्यायालयाने संघटनेला ते घोडे आणि ते नाव अत्तराच्या बाटलीवर लावायला मनाई केली, २०१३ मध्ये तीही कायम झाली.

मधल्या काळात एक मासिकही सापडलं कचाट्यात. 'पोलो' नावाचं, १९७५ पासून निघणारं, संघटनेचं अधिकृत मासिक. १९९७ मध्ये ते दुसऱ्या प्रकाशकाने घेतलं आणि त्यात खेळाबरोबर चैनीच्या राहणीमानाचे लेख घातले. लगेच दावा. पोलोच्या बातम्या छापल्या तोवर ठीक होतं. सुखासीन जगण्याबद्दल छापलं की ते लॉरेनच्या हद्दीत शिरलं. निकाल मुख्यतः लॉरेनच्या बाजूने गेला. २००० मध्ये अपिलात अतिक्रमण झाल्याचं मान्य झालं, पण नावावर सरसकट बंदी घालण्याचा फेरविचार करा, एवढं म्हटलं गेलं.

वकिलांनी ही हद्द आखायला घेतली त्याच दशकात ती दुसऱ्याच बाजूने कुणीतरी ओलांडली होती. १९८८ मध्ये ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल आणि क्राउन हाइट्स या गरीब वस्त्यांतल्या दोन टोळ्या एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःला 'लो-लाइफ्स' म्हणवून घेतलं. बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पोरं. लॉरेनचे कपडे दुकानांतून घोळक्याने जाऊन उचलायचे आणि डोक्यापासून पायापर्यंत तेच घालायचे. एका टोळीचं आधीचं नाव होतं 'पोलो यूएसए', आणि त्यांच्या लेखी यूएसए म्हणजे 'युनायटेड शॉपलिफ्टर्स असोसिएशन'. चोरीचं कौतुक करण्याचं मला कारण नाही, त्यात माणसं तुरुंगात गेली, काही जीवानिशी गेली. पण जाहिरातींतल्या हिरवळीवर ज्यांचा एकही चेहरा नव्हता, त्यांनी ते कपडे असे घातले की ते त्यांचेच झाले. १९९४ मध्ये रॅपर रेक्वॉनने 'वू-टँग क्लॅन'च्या एका व्हिडिओत लॉरेनचं 'स्नो बीच' जॅकेट घातलं. ते जॅकेट पुढे इतकं शोधलं गेलं की २०१८ मध्ये कंपनीने स्वतः ते पुन्हा काढलं.

मी राल्फ लॉरेनवर रागावू शकत नाही ते या पोरांमुळेही. ब्राँक्स ते ब्रुकलिन, दोघांनी एकच गोष्ट केली. जे आपलं नाही असं सांगितलं गेलं, ते अंगावर चढवलं. पद्धती वेगळ्या.

तक्रार आहे ती अशी. या सगळ्या भांडणात, दावे-प्रतिदाव्यांत, 'पोलो कुणाचा' याची उत्तरं देणारे पक्ष दोनच होते. कपडेवाला आणि अमेरिकन संघटना. कायद्याला तिसऱ्या पक्षाची गरज नव्हती, हे मला समजतं. पण मणिपुरी तट्टू आज फार थोडे उरले आहेत. अलीकडच्या गणनांत हजार-अकराशेच्या आसपास. २०१३ मध्ये मणिपूर सरकारने त्याला धोक्यातली जात म्हणून जाहीर केलं. तो चरायचा त्या पाणथळ गवताळ जागांवर घरं, रस्ते, शेतं आली. तट्टू कचऱ्यात तोंड घालतात, गाड्यांखाली येतात. इम्फाळमध्ये 'मापाल कांगजेइबुंग' नावाचं मैदान आहे, जगातलं सर्वांत जुनं चालू पोलो मैदान म्हणून ओळखलं जाणारं. शेजारच्या हैंगांग टेकडीवर, जिथे तट्टूंचा देव मार्जिंग राहतो असं मानतात, २०२३च्या जानेवारीत घोड्यावरच्या पोलो खेळाडूचा १२० फुटी पुतळा उभा राहिला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मणिपूर पेटलं. पुन्हा एकदा हजारो माणसं घरं सोडून पळाली.

आपण तट्टूला छातीवर बसवलं, तेही बदलून, उंच करून. पुण्यात मेट्रोत उभं राहून मोजलं तर एका डब्यात चार-पाच घोडे सहज सापडतात. एक घोड्याचे, दोन घोड्यांचे, आणि फॅशन स्ट्रीटवरचे असे काही, की ज्यांत स्वाराची काठी कानातून निघालेली असते.

माझ्या कंपनीने रुजू होताना जो किट दिला त्यातही असाच कॉलरवाला टी-शर्ट होता, घोड्याच्या जागी कंपनीचं बोधचिन्ह. तो मी अजून घालतो. निळा मात्र त्या दिवाळीनंतर परत आणला नाही. एक घोड्याचा कधी घेतला नाही. आता परवडेल, पण जमत नाही.

निळा पप्पांकडे राहिला. त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही. निघताना बॅगेत भरला नव्हता एवढंच. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ते तो घालून कारखान्यातून येताना दिसले. खांद्यावर, कॉलरवर, घोड्यांच्या पाठीवर कापसाचा तूस बसला होता. दारातच त्यांनी तो दोन हातांनी झटकला. घोड्यांच्या टाक्यांत अडकलेला तूस निघाला नाही.

"कापड बरं हाय," ते म्हणाले. "पाचशेत मिळत न्हाई असलं."

मी काहीच बोललो नाही. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं.